मोझाइकवरची माती

रोमन व्हिलावर खणते म्हटलं की प्रश्न ठरलेला. साताऱ्याहून काका फोनवर विचारतात, “काय गं, सोनंबिनं लागलं का हाताला?” इथे इंग्लंडच्या कॉट्सवोल्डमध्ये कुत्रं फिरवायला निघालेले आजोबा कुंपणापलीकडून तेच विचारतात, फक्त आधी हवेबद्दल दोन वाक्यं बोलून घेतात. दोघांनाही माझं उत्तर एकच: खापऱ्या, खिळे, हाडं. काका हळहळतात. आजोबा चिकाटीचे, ते म्हणतात, “बरं, मग मोझाइक तरी?” मोझाइक म्हटलं की इंग्रज माणसाचा चेहरा खुलतो. दगडाचे नि कौलाचे बारीक चौकोनी तुकडे बसवून केलेली ही चित्रांची जमीन म्हणजे त्याच्या लेखी अख्खा रोमन ब्रिटन. वर्तमानपत्रात फोटो तिचाच छापून येतो, संग्रहालयात भिंतीवर तीच चढते. ती ज्या मातीखालून निघते त्या मातीचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. माझे अलीकडचे उन्हाळे त्या मातीतच गेलेत, म्हणून तिच्याबद्दल लिहिते.

व्हिला म्हटलं की आपल्याकडे लोणावळ्याचा बंगला डोळ्यांपुढे येतो. ही मुळात शेतघरं. इ.स. ४३ मध्ये रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या आणि ४१०च्या सुमारास रोमची सत्ता इथून उठली. मधल्या काळात दक्षिणेकडच्या सुपीक पट्ट्यात सधन जमीनदारांनी दगडी घरं बांधली. पुढे लांब पडवी, मागे ओळीने खोल्या, एका टोकाला न्हाणीघर, जमिनीखालून गरम हवा खेळवलेली, आणि सभोवार गोठे, कोठारं, धान्य वाळवायच्या भट्ट्या. मालक बहुतेक ठिकाणी इटलीहून आलेला नव्हे, इथलाच; फक्त काही पिढ्यांपूर्वी लॅटिन बोलायला आणि रोमन थाटात जेवायला शिकलेल्या घराण्यातला. चौथं शतक हा या घरांच्या भरभराटीचा काळ. आजचं सिरन्सेस्टर म्हणजे तेव्हाचं कोरिनियम, लंडनच्या खालोखाल मोठं शहर. त्याच्या भोवतालच्या टेकड्यांत या घरांची दाटी आहे.

आम्ही खणलेल्या शेताचं नाव सांगत नाही. रात्री मेटल डिटेक्टर घेऊन कुंपण ओलांडणाऱ्यांपैकी कुणालाच मराठी येत नसेल, असं धरून चालायला मी तयार नाही.

इंग्लंडमध्ये १९९० पासूनची रीत अशी की जो बांधकाम करणार, त्यानेच जागेच्या पुरातत्त्वीय तपासणीचा खर्च उचलायचा. त्यामुळे इथले बरेचसे पुरातत्त्वज्ञ विद्यापीठात नव्हे, तर ठेक्याने काम घेणाऱ्या संस्थांत नोकरी करतात. आज पाइपलाइन, उद्या घरांची वसाहत. डोक्यावर हेल्मेट, अंगात पिवळं जाकीट, पायांत पुढे पोलाद बसवलेले बूट. लांबून आम्ही रस्त्याच्या कामावरचे मजूरच दिसतो आणि पगारही फार वेगळा नसतो. एका पाइपलाइनच्या वाटेत आलेला आमचा व्हिला आधी कागदावर दिसला. मॅग्नेटोमीटर घेऊन शेतभर चालत गेलं की जमिनीतल्या चुंबकीय फरकांचा नकाशा मिळतो. बुजलेले चर आणि भाजलेली माती गडद उमटते, चुनखडीच्या भिंती फिकट. करड्या कागदावर एक फिकट आयत, त्याला जोडून चौकोनांची रांग, एका टोकाला अर्धगोल. ते पाहून कुणी काही बोललं नाही. साइट मॅनेजरने चहाचं पाणी ठेवलं.

वरची नांगरटीची माती यंत्रानेच काढतात. डिगरला दात नसलेली रुंद, सपाट बकेट लावायची, आणि आमच्यातल्या एकाने तिच्या पुढ्यात उभं राहून प्रत्येक फेरीला खाली बघायचं. चांगला डिगरवाला हा नशिबाचा भाग असतो. आमचा होता तो बकेटच्या आवाजावरून सांगायचा, “हा दगड सुटा आहे, हा भिंतीतला.” क्वचितच चुकायचा.

डेक्कन कॉलेजात शिकताना उत्खनन म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दोऱ्या ताणून चौकोन आखायचे, दोन चौकोनांच्या मध्ये मातीचा बांध राखायचा आणि त्या बांधाच्या उभ्या कापावर थर वाचायचे. ही पद्धत मॉर्टिमर व्हीलर यांची. १९३०च्या दशकात डॉर्सेटमधल्या मेडन कॅसलवर त्यांनी ती गाजवली आणि १९४४ साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन आले तेव्हा बरोबर आणली. ह. धी. सांकलिया लंडनला शिकत असताना मेडन कॅसलवर व्हीलर यांच्या हाताखाली काम करून आले होते. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी पिढ्या घडवल्या. म्हणजे मी इंग्लंडची विद्या पुण्यात शिकून इंग्लंडला आले होते. इथे पाहते तर बांध कुठेच नाहीत. सगळं मैदान मोकळं. विचारलं तर पर्यवेक्षक हसून म्हणाली, “व्हीलरचे चौकोन आता जुन्या फोटोंतच बघायला मिळतात.” इथे अख्खं क्षेत्र एकदम उघडतात, मातीत झालेल्या प्रत्येक कृतीला वेगळा क्रमांक देतात. खड्डा खणला गेला ती एक कृती, तो भरला गेला ती दुसरी. कुठली आधी, कुठली नंतर, हे एका जाळीदार तक्त्यात मांडतात. तो तक्ता एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ साली काढला.

व्हिलासाठी ही पद्धत योग्य, हे मी आता मान्य करते. खोल्या, दारं, पडव्या आडव्या पसरलेल्या असतात, आणि राखलेला बांध नेमका दारावरच येतो. तरी एका गोष्टीपुरती मी व्हीलरचीच. बांध हा साक्षीदार असतो. माझ्यामागून येणाऱ्याला मी सांगितलं ते खरं की खोटं, हे त्या न खणलेल्या मातीत जाऊन तपासता येतं. सगळंच उघडलं की माझा कागद तेवढा उरतो.

आणखी एक फरक सांगायलाच हवा. आपल्याकडे उत्खननावर गावातली माणसं कुदळ मारतात, बाया घमेली वाहतात आणि आपण वही घेऊन काठावर उभे असतो. इथे घमेलं नाही, एकचाकी ढकलगाडी आहे, आणि ती मीच ढकलते. पीएच.डी. झालेला माणूसही ढकलतो. पहिल्या महिन्यात पाठीने असहकार पुकारला. पण मातीशी ओळख व्हायची तर ती हातानेच होते, काठावरून होत नाही. ओलसर माती ट्रॉवेलखाली चिकटते, राख मिसळलेली माती भुसभुशीत सुटते, आणि चुन्याच्या गिलाव्याचा चुरा आला की पातं करकरतं. डोळ्यांच्या आधी मनगटाला कळतं.

आता आमच्या व्हिलातली एक खोली. पडवीच्या पश्चिम टोकाची, फार मोठी नाही. भिंतींचे दगड बहुतेक गेलेले होते. मध्ययुगात आसपासच्या खेड्यांनी अशा पडक्या घरांचा फुकटच्या खाणीसारखा उपयोग केला. दगड काढून नेलेले चर तेवढे भिंतीच्या जागी राहतात. खोलीत मात्र छप्पर जसं कोसळलं तसंच पडून होतं. कॉट्सवोल्डच्या चुनखडीचे सहा कोनी पातळ दगड, प्रत्येकाला वरच्या टोकाशी एक भोक, काही भोकांत गंजलेला खिळा अजून अडकलेला. एकावर एक कलते, खवल्यांसारखे. ते नोंदवून उचलायला बराच वेळ गेला. त्यांच्याखाली चार बोटं जाडीचा काळपट, तेलकट थर. आणि एका कोपऱ्यात, जिथे तो थर विरळ होता, पांढऱ्या-निळसर-तांबड्या चौकोनांची पेड घातलेली वेणी. मोझाइक.

बातमी अर्ध्या तासात पोर्टाकॅबिनपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी बांधकाम कंपनीचा माणूस आला. सभ्य माणूस होता, पण त्याच्या वेळापत्रकात यंत्रांचं भाडं दिवसावर चढत होतं. त्याचं म्हणणं साधं: फरशी मिळालीच आहे, तर वरची माती फावड्याने काढा, फोटो घ्या, मोकळे व्हा. माझी पर्यवेक्षक आवाज चढवणारी नव्हे. तिने त्याला खोलीच्या कडेला उकिडवं बसवलं, आपली ट्रॉवेल त्याच्या हातात दिली आणि काळ्या थरावर तळहाताएवढी जागा खरवडायला सांगितली. कोळशाचे कण, एक मासळीचा मणका आणि लोखंडी खिळा निघाला. तो गप्प झाला. सगळा वेळ नाही मिळाला, पण पुरेसा मिळाला.

काळा थर आम्ही अर्ध्या मीटरच्या चौकोनांत काढला आणि माती बादल्यांत भरून ठेवली. मूठभरही फेकली नाही. खोलीच्या मध्यावर मोझाइकवर चूल पेटवलेली होती. पांढरे चुनखडीचे तुकडे तापून करडे पडले होते, काहींचे पापुद्रे निघाले होते. तांबडे तुकडे कौलाचे, आधीच भट्टीतून निघालेले, म्हणून शाबूत. चुलीच्या कडेला गरम हवेच्या भुयारातली एक चौकोनी वीट उपटून आणून लावलेली. चुलीच्या एका बाजूला वेणीचे तुकडे झिजून निघून गेले होते आणि तिथे अंगठ्याएवढे ओबडधोबड कौलाचे तुकडे बसवून ठिगळ लावलं होतं. त्या ठिगळाच्या काही तुकड्यांवरही धग लागल्याची काजळी होती.

आता हे ओळीने लावा. जमीन झिजली, कुणीतरी तिला ठिगळ लावलं. मग चूल मांडली. मग काळी माती साठत गेली. आणि सगळ्यात शेवटी छप्पर पडलं, कारण छपराचे दगड काळ्या थराच्या वर होते. म्हणजे चूल पेटली तेव्हा डोक्यावर धड छप्पर होतं. ही पडक्या वास्तूत निवारा शोधलेली भटकी माणसं नव्हेत. हे घर होतं, त्यात घरातली माणसं राहत होती, फक्त मोझाइक घातलेल्या खोलीची आता कामाची खोली झाली होती.

कसलं काम, ते माती धुतल्यावर कळलं. पाण्याच्या टाकीत बादली ओतली की जळके दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीत गोळा करायचे. गव्हाचा स्पेल्ट नावाचा जुना सालवाला वाण, थोडे जव, भरपूर तण. खाली राहिलेला गाळ वाळवून त्यावरून लोहचुंबक फिरवला, तर त्याला माशाच्या खवल्यांहून बारीक चकचकीत पापुद्रे चिकटून आले. तापलेल्या लोखंडावर हातोडा बसला की हेच उडतात. कुणीतरी इथे बसून विळे-कोयते दुरुस्त करत होतं. सरळ रेषेत पडलेले खिळे आणि त्यांच्याभोवती कोळसा असंही सापडलं. घराच्याच फळ्या खिळ्यांसकट जाळल्या होत्या. सोय पाहणारी, काटकसरी माणसं. मला ती आवडली. ज्याने मोझाइक बसवून घेतलं त्या मालकापेक्षा जास्त.

जुन्या अहवालांत अशा चुली एका ओळीत उरकलेल्या असतात: शेवटी शेवटी घुसखोर आले आणि त्यांनी सुंदर फरशी जाळून खराब केली. लिहिणारे स्वतः दिवाणखान्यात बसणारे होते, हे वाचताना जाणवतं. ससेक्समधल्या बिग्नोरला १८११ साली जॉर्ज टपर या शेतकऱ्याचा नांगर फरशीला अडला. आज त्याच घराण्याकडे त्या जागेची देखभाल आहे. ग्लॉस्टरशरच्या चेडवर्थला १८६४ साली शिकारखान्यावरच्या रखवालदाराचं फेरेट सशाच्या बिळात अडकलं, ते खणून काढताना रंगीत दगड निघाले असं सांगतात. जमीन लॉर्ड एल्डनची. त्याचे मामा-काका जे कोण लागत होते त्या जेम्स फेरर यांनी मजूर लावून व्हिला मोकळा केला. रोमन भिंतींच्या मधोमध शिकारीसाठी घर उठलं, शेजारी छोटं संग्रहालय. त्या काळाच्या मानाने हौस मोठी आणि जतनाची काळजीही खरी. पण फरशीपर्यंत पोचायची घाई अशी की वरच्या थरांची नोंद जवळजवळ नाही. माती गेली, आणि तिच्याबरोबर शेवटची शंभर वर्षं गेली.

या शेवटाबद्दलची आपली समजूत नाण्यांवर उभी आहे. थरात नाणं सापडलं की थर त्या नाण्याच्या नंतरचा, एवढं सोपं गणित. चौथ्या शतकातली बारकी तांब्याची नाणी व्हिलांवर मुबलक मिळतात. पण ४०२च्या पुढे ब्रिटनमध्ये नवीन नाणी येणं जवळपास थांबलं. फौजेचा पगार थांबला, नाणं थांबलं. मोठ्या कुंभारवाड्यांचा धंदाही त्याच सुमारास बसला, त्यामुळे खापरांचाही आधार जातो. मग पुस्तकांत काय दिसणार? प्रत्येक व्हिला ४००च्या सुमारास संपलेला. जणू सगळ्यांनी एकाच सकाळी किल्ल्या ठेवल्या आणि निघून गेले. घड्याळ बंद पडलं, आणि आम्ही समजलो की दिवस मावळला.

चेडवर्थनेच या समजुतीला धक्का दिला. १९२४ पासून हा व्हिला नॅशनल ट्रस्टकडे आहे. २०१७ साली तिथल्या उत्तरेकडच्या भागात एका मोझाइकखाली आणि ते ज्या भिंतीला टेकलं होतं तिच्या पायाच्या चरात, व्हिक्टोरियन फावडं न पोचलेली माती सापडली. चरातला कोळसा आणि हाड कार्बन-१४ पद्धतीने तपासलं. भिंत ४२४च्या आधी बांधलेली असू शकत नाही, असं निघालं. आणि मोझाइक भिंतीच्याही नंतरचं. २०२०च्या डिसेंबरमध्ये हे जाहीर झालं तेव्हा आमच्या पोर्टाकॅबिनमध्ये एका जुन्या सहकाऱ्याने बातमी तीनदा वाचून काढली. रोमची सत्ता गेली, नाणं गेलं, तरी पाचव्या शतकाच्या मध्याला कॉट्सवोल्डच्या एका दरीत कुणीतरी कारागीर बोलावून नवी चित्रं बसवून घेत होतं. नॅशनल ट्रस्टचे पुरातत्त्वज्ञ मार्टिन पॅपवर्थ यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: हे काम चौथ्या शतकातल्या कामाइतकं सफाईदार नाही, त्यात चुका आहेत. कारागिरी हातांतून सुटत चालली होती, पण सुटली नव्हती.

एवढं सगळं कशावर कळलं? मागच्यांनी चुकून सोडलेल्या ओंजळभर मातीवर. म्हणून मी बांधाची बाजू घेते.

रटलंडमधल्या केटनचं उदाहरण तर अगदी ताजं. २०२० साली लॉकडाउनमध्ये शेतमालकाच्या मुलाला पिकात फिरताना वेगळी खापरं दिसली. त्याने काउंटीच्या पुरातत्त्वज्ञांना कळवलं. लेस्टर विद्यापीठाच्या चमूने उघडलेल्या मोझाइकवर ट्रॉयच्या युद्धातले अकिलीस आणि हेक्टर आहेत. सगळं जग त्या दोघांबद्दल बोललं, ते योग्यच. पण त्या मोझाइकवरही जळल्याच्या खुणा आहेत, ते ठिकठिकाणी फुटलेलं आहे, म्हणजे नंतर ती जागा कुणीतरी वेगळ्या कामाला वापरली. त्या कुणाबद्दल मथळा झाला नाही.

आमच्याकडेही तेच झालं. पत्रकार यायच्या आदल्या दिवशी आम्ही स्पंजने फरशी पुसली; ओली केली की रंग उठतात. खुरप्या, बादल्या फ्रेमबाहेर सरकवल्या. चुलीचा काळा डाग कसा टाळता येईल, असं छायाचित्रकाराने विचारलं. पर्यवेक्षक म्हणाली, “टाळू नका, त्याच्यावरच कॅमेरा लावा.” छापून आला तो वेणीचा कोपरा. काकांना कात्रण पाठवलं तर त्यांचं उत्तर आलं, “छान. पण सोनं?”

चेडवर्थला मी सुट्टीच्या दिवशी अधूनमधून जाते. जेवणघराच्या फरशीवर ऋतूंची चित्रं आहेत, त्यांतला हिवाळा मला आवडतो. एका हातात मारलेला ससा, दुसऱ्यात निष्पर्ण फांदी, आणि डोक्यावरून घेतलेलं लोकरी वस्त्र. पावसात धनगर घोंगडीची खोळ घेतो, हुबेहूब तसं. हे ब्रिटनचं लोकरी पांघरूण रोमन साम्राज्यात नावाजलेलं होतं, ३०१ साली डायोक्लेशनने काढलेल्या भावपत्रकात त्याची किंमत दिलेली आहे. श्रीमंताच्या जेवणघरात देवदेवतांच्या पंगतीला हा थंडीने काकडलेला गडी बसवलाय. काळ्या थरातल्या माझ्या लोहाराशी त्याचं जमलं असतं.

आमचे जळके दाणे प्रयोगशाळेत गेलेत. फरशी वाळू आणि खास कापड टाकून पुन्हा मातीखाली बुजवली, कारण ऊनपाऊस आणि गोठण यांपासून तिला मातीच सगळ्यात चांगली जपते. पाइपलाइन थोडी वळवून नेली. खोलीचा दक्षिणेकडचा एक पट्टा आम्ही हात न लावता ठेवलाय. अहवालात त्याची जागा नकाशावर दाखवून कारणही लिहिलंय.

पुण्यात, नागपुरात, औरंगाबादेत पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलामुलींना एकच सांगणं आहे. अशा ठेक्याच्या उत्खननांचे हजारो अहवाल यॉर्क विद्यापीठातल्या ‘आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस’च्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. एखाद्या व्हिलाचा अहवाल उतरवून घ्या. मोझाइकचे रंगीत फोटो असतात ती पानं उलटा आणि फरशीवरच्या थरांची यादी काढून वाचा. सुरुवातीला कंटाळवाणी वाटेल. क्रमांक उलट्या क्रमाने लावत जा, म्हणजे घर कसं संपलं, ते कळेल.